आधी काम बघा, मग पोशाख ठरवा

१५ मार्च २०२४ रोजी राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल शासन निर्णय काढला. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा घालावा. शिक्षकांनी शर्ट-पँट घालावी आणि शर्ट खोचावा. जीन्स-टीशर्ट नको, गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी नको. त्याआधी ८ डिसेंबर २०२० रोजी सामान्य प्रशासन विभागाने सरकारी कार्यालयांसाठी असंच एक परिपत्रक काढलं होतं. त्यात महिलांच्या यादीत साडी, सलवार-कुर्ता यांच्या जोडीला ट्राउझरवर कुर्ता किंवा शर्टही होता, आणि दुपट्टा 'आवश्यक असल्यास' घ्यायचा होता. पुढे २०२१ मध्ये कार्यालयांतली जीन्सवरची बंदीही सैल झाली.

हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. मंत्रालयात टेबलाशी बसून फायली हाताळणारी बाई पँट-शर्टात चालते. पहिलीच्या पोरांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या, मैदानावर लेझीम घेणाऱ्या आणि कच्च्या रस्त्यावरून स्कूटी हाकणाऱ्या बाईला मात्र ती मुभा नाही. कामाचा विचार करून याद्या केल्या असत्या तर नेमकं उलट झालं असतं.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. कामाच्या ठिकाणी पोशाखाचा नियम असायला माझी हरकत नाही, आणि काही ठिकाणी तर तो आहे त्याहून कडक हवा. पण तो कामातून निघायला हवा. हात कुठवर पोचायला लागतात, पाय किती मोकळे लागतात, ऊन किती, यंत्र कुठलं, घरून कामावर यायचं कसं, यातून तो ठरावा. आपल्याकडे स्त्रियांचा पोशाख ठरवताना यातलं काहीच विचारात घेतलं जात नाही. ती दिसते कशी, एवढंच बघितलं जातं.

माझी एक मैत्रीण मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तालुक्याच्या गावाहून ती रोज स्कूटीवर जाते. सकाळी परिपाठ, मग पहिली-दुसरीचा जोडवर्ग. मुलं सतरंजीवर बसतात, म्हणून तीही सतरंजीवर. दर पाच मिनिटांनी उठायचं, फळ्यावर हात उंचावून लिहायचं, पुन्हा खाली बसायचं. मधल्या सुट्टीत खिचडी शिजली का बघायचं, चव घ्यायची, नोंदवहीत सही करायची. दुपारी कवायत. वर बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, काम असेल तर मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचं. निवडणूक लागली की मतदान सातला असलं तरी मॉक पोलसाठी साडेपाचला केंद्रावर तयार राहायचं. साडी नेसते त्या दिवशी ती पदराला, खांद्याला, निऱ्यांना पिना लावते, आणि खो-खो घ्यायचा असेल तर काठावर उभी राहून तोंडी सूचना देते. खांब कसा धरायचा, पाटीवर बसून झटक्यात कसं उठायचं, हे त्या दिवशी मुलांना करून दाखवता येत नाही. ती स्वतः शाळेत असताना तालुक्याच्या संघातून खेळलेली आहे.

हे नुकसान तिचं आहे, पण त्याहून जास्त त्या वर्गातल्या मुलींचं आहे. आपल्या बाई पळू शकतात, उडी मारू शकतात, हे त्यांना बघायला मिळत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं की शिक्षिका म्हणजे आदर्श, मुलं तिचं अनुकरण करतात, तेव्हा तिचा पोशाख शालीन असायला हवा. या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी झटकून टाकत नाही. गावात बाईंच्या नीटनेटक्या साडीला मान असतो. पालक तिच्याशी अदबीने बोलतात, आणि नव्याने रुजू झालेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला त्या अदबीची गरजही असते. कित्येक शिक्षिकांना साडी मनापासून आवडते, त्यांना ती सवयीची आहे, त्यात त्या दिवसभर सहज वावरतात. त्यांनी साडी का सोडावी? पण नीटनेटकेपणा एका कापडात नसतो. स्वच्छ, इस्त्री केलेला लांब कुर्ता आणि पँट घातलेली शिक्षिका अव्यवस्थित कशी ठरते, हे शासन निर्णयात कुठेच सांगितलेलं नाही. आणि अनुकरणाचीच गोष्ट असेल, तर जी बाई दिवसभर पदर सावरते तिच्याकडून मुली पदर सावरायला शिकतात, हेही हिशेबात धरायला हवं.

केरळमध्येही हाच वाद बरीच वर्षं चालला. शिक्षिकांवर साडीची सक्ती नाही, असं २०१४ मध्ये तिथल्या सरकारने कळवलं होतं, तरी अनेक संस्था ऐकेनात. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये उच्च शिक्षण विभागाने पुन्हा आदेश काढला, की शिक्षिकांनी सोयीचा, सभ्य पोशाख घालावा आणि संस्थांनी साडी लादू नये. तेव्हाच्या उच्च शिक्षणमंत्री आर. बिंदू स्वतः प्राध्यापिका होत्या, आणि आपण कॉलेजात शिकवताना चुडीदार घालत होतो असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. निर्णय घेणारीने ते कपडे घालून तेच काम केलेलं असलं की नियम कसा बदलतो, ते इथे दिसतं.

साडी ही आपली परंपरा, असंही म्हटलं जातं. आहेच. पण शाळा-कार्यालयांत जी साडी अपेक्षित असते ती सहावारी, गोल नेसलेली. ती शहरांतल्या शिकलेल्या घरांत रुळली विसाव्या शतकात, आणि तेव्हा घरातल्या मोठ्यांनी तिलाही नाकं मुरडली होती. त्याआधीची आपली नऊवारी तर कामाचंच वस्त्र होतं. काष्टा मारला की दोन्ही पाय वेगळे, मोकळे. शेतात भात लावताना, ससून डॉकवर मासळीच्या टोपल्या उचलताना, डोंगर चढताना तिने अडवलं नाही. पुढे पंजाबी ड्रेस आला आणि तो शाळेत चालू द्यावा म्हणून एका पिढीच्या शिक्षिकांना मुख्याध्यापकांच्या आणि संस्थाचालकांच्या विनवण्या कराव्या लागल्या. आज तोच ड्रेस सरकारी यादीत शालीन म्हणून छापला जातो. उद्या कुर्ता-पँटही तिथे जाऊन बसेल. मधल्या काळात ज्या बायकांना त्रास होतो त्यांचं काय, एवढाच प्रश्न आहे.

आनंदीबाई जोशींचा एक फोटो प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ ची तारीख असलेला, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधला. त्यात त्यांच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आहेत. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाईंनी साडी नेसली ती स्वतः ठरवून, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या कॉलेजने त्यांना डॉक्टरची पदवी दिली. मला तो फोटो अतिशय प्रिय आहे. त्यातली साडी परिपत्रकाने नेसवलेली नाही.

पोशाख कामातून कसा निघतो हे बघायचं असेल तर कार्यालयं सोडून शिवारात जावं लागेल. कारण या सगळ्या चर्चेत 'नोकरी करणारी स्त्री' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पर्स घेतलेली बाई येते, आणि कष्टाची कामं करणाऱ्या लाखो बायका चर्चेबाहेर राहतात. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या बाईकडे बघा. साडीवर नवऱ्याचा किंवा भावाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या, कारण उसाचं पाचट हातांवर ओरखडे काढतं आणि कूस अंगात शिरते. साडी वर खोचलेली, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, म्हणजे मोळी डोक्यावर घेताना केस अडकत नाहीत. विदर्भात कापूस वेचायला जाणारीच्या अंगातही तोच शर्ट असतो. बोंडं उमलली की त्यांच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं बोटांना आणि हातांना बोचतात, म्हणून. रस्त्याच्या कामावर खडी पसरणारीच्या अंगातही तो दिसतो. हा पोशाख कुणी डिझाइन केला नाही, त्याच्यासाठी समिती बसली नाही, आणि त्यावर संस्कृती बुडाल्याची ओरडही कधी झाली नाही. बायकांना काम माहीत होतं, त्यांनी त्यातून वाट काढली. महाराष्ट्रातल्या बायकांचा कामाचा सर्वांत विचारपूर्वक तयार झालेला पोशाख मला हाच वाटतो.

आणि तरीही त्यांना तो पुरुषांच्या टाकून दिलेल्या कपड्यांतून उभा करावा लागला, हे खटकतं. मुकादम आणि कारखाना एवढ्या मोठ्या व्यवहारात या बायकांसाठी हातमोज्यांची एक जोडी धरत नाहीत.

हीच गोष्ट शहरात वेगळ्या रूपात दिसते. मॉलच्या किंवा सोसायटीच्या दारात उभी असलेली महिला सुरक्षा रक्षक आठवा. शर्टाचे खांदे दंडावर उतरलेले, पँट कमरेशी चुण्या पाडून पट्ट्याने आवळलेली, बूट पुरुषी मापाचा. एजन्सीने पुरुषांच्या मापाचे जोड घेतले आणि तेच तिला दिले. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात, २०२० मध्ये, परिचारिकांना जी पीपीई किट मिळाली ती एकसंध होती. लघवीला जायचं तर सगळं उतरवायचं, आणि उतरवलेलं पुन्हा घालता येत नाही. म्हणून कित्येकींनी आख्ख्या ड्युटीभर पाणी पिणं टाळलं. मासिक पाळी असलेल्यांचे त्यात काय हाल झाले असतील ते वेगळं सांगायला नको. कपडा कुणाच्या शरीरावर चढणार आहे हे कापताना कुणी विचारलंच नव्हतं.

आता जिथे मला नियम अधिक कडक हवा आहे, तिथलं बोलते.

फिरतं यंत्र जिथे आहे तिथे ओढणी, पदर, मोकळे केस, सैल बाही, बांगड्या यांतलं काहीही चालता कामा नये. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही चालत्या यंत्राजवळच्या कामासाठी अंगाबरोबर बसणारे घट्ट कपडे सांगितले होते. पण त्यावर उपाय म्हणून त्याच कायद्याने चालत्या यंत्राची सफाई-तेलपाणी यांपासून बायकांना लांब ठेवलं. योग्य कपडे देण्यापेक्षा बाईला बाजूला करणं सोपं, हा विचार तेव्हापासून आपल्या हाडात मुरला आहे. आज चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत असेंब्ली लाइनवर मुली काम करतात, पँट-शर्ट, टोपी, सेफ्टी शूज घालून. घरी साडी-ड्रेसच्या बाहेर न गेलेल्या मुली कारखान्याच्या बसमधून उतरून पाच मिनिटांत त्या कपड्यांत उभ्या राहतात. त्यात त्यांची अब्रू कुठे गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. पगाराला मात्र त्या पात्र ठरल्या.

इस्पितळात कोपराखाली काहीही नको, या मताची मी आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ मध्ये हाच दंडक घातला. कोपराखाली हात उघडे, घड्याळ नाही, अंगठी असलीच तर साधी, म्हणजे हात मनगटापर्यंत नीट धुता येतात. आपल्याकडे हिरव्या काचेच्या बांगड्या घालून अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. त्यांना बांगड्या उतरवायला सांगायचं धाडस कुणी करत नाही, कारण ते सौभाग्याचं लेणं. रुग्णाच्या जखमेला सौभाग्य कळत नाही. इथे प्रशासनाने स्पष्ट बोललं पाहिजे. घरी सासूबाईंना सांगता यावं म्हणून लेखी आदेश द्यावा, तो त्या बाईच्याही उपयोगी पडतो.

दुचाकीची गोष्ट तर प्रत्येक घरातली आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असावा, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो. गाडी घेताना जी साडी गार्ड लावून मिळते ती यातूनच आली. ओढणी चाकात जाऊन गळा आवळला गेल्याच्या बातम्या तरीही येतच राहतात. चाकात कापड जातं आणि माणूस मरतं, हे सरकारला ठाऊक आहे. मग जी शिक्षिका रोज दुचाकीवर शाळेत जाते तिच्या पोशाखाच्या यादीत दुपट्टा बिनशर्त का लिहिला जातो? मंत्रालयाच्या परिपत्रकात होते ते 'आवश्यक असल्यास' हे दोन शब्द शाळेच्या कागदावर आले असते तर काय बिघडलं असतं?

सरकारी कार्यालयांकडून खाजगी कंपन्यांकडे वळलं की चित्र उलटं होतं, पण आजार तोच. जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आधी प्लेसमेंटचे सर मुलींना सांगतात, फॉर्मल घालून या. फॉर्मल म्हणजे पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बंद बूट, जमलं तर ब्लेझर. ज्या मुलीने आयुष्यात पँट घातलेली नाही ती मैत्रिणीची मागून आणते. ती कमरेला घट्ट, शर्टाच्या दोन गुंड्यांमधली फट आतून टाचणीने बंद केलेली. ती खुर्चीच्या टोकाला बसते, पूर्ण वेळ एक हात त्या फटीपाशी ठेवते, आणि समोर बसलेली माणसं शेऱ्यात 'आत्मविश्वास कमी' असं लिहितात. तीच मुलगी तिच्या रोजच्या कुर्त्यात असती तर डेटाबेसच्या प्रश्नाला तिने मान वर करून उत्तर दिलं असतं. साडीची सक्ती आणि ब्लेझरची सक्ती यांत मला फरक दिसत नाही. दोन्हींमध्ये बाईने आपलं अंग विसरून कामाकडे लक्ष द्यावं, अशी सोय नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका रेस्टॉरंटमधली चित्रफीत फिरली होती. साडी 'स्मार्ट कॅज्युअल'मध्ये बसत नाही, असं तिथली कर्मचारी सांगत होती. त्यावर देशभर संताप झाला. तो संताप योग्य होता, पण ज्यांनी तो केला त्यातले बरेच जण आपल्या कंपनीत कुर्ता घालून आलेल्या मुलीला क्लायंट मीटिंगला नेत नाहीत. 'जरा प्रेझेंटेबल कुणीतरी' नेतात.

याच कंपन्यांत एसीचा प्रश्न आहे, आणि तो किरकोळ वाटला तरी किरकोळ नाही. बाहेर पुण्याचा एप्रिल, आत बायका शाल-स्वेटर घेऊन बसलेल्या. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात दाखवून दिलं, की कार्यालयांचं तापमान ठरवण्याचं सूत्र १९६० च्या दशकातलं आहे, आणि त्यात चाळीस वर्षांचा, सत्तर किलो वजनाचा पुरुष गृहीत धरलेला आहे. बसून काम करताना स्त्रियांच्या शरीरात त्याहून कमी उष्णता तयार होते. वर पुरुषांचा फॉर्मल पोशाख जाड, बंद गळ्याचा. बायकांचा सुती किंवा पातळ. म्हणजे भिंतीवरचा तो आकडासुद्धा एक पोशाखाचा नियमच आहे, फक्त तो लिहिलेला नसतो.

कधीकधी मात्र कामाचा काडीचा संबंध नसतो, आणि तेव्हा गोष्ट फार स्पष्ट दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयाच्या आवारात एका वाहिनीच्या महिला पत्रकाराने संभाजी भिडे यांना प्रश्न विचारला. आधी कुंकू लाव, मग तुझ्याशी बोलतो, असं उत्तर मिळालं. राज्य महिला आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. त्या पत्रकाराचा प्रश्न काय होता हे आज फारसं कुणाला आठवत नाही, तिचं कपाळ मात्र सगळ्यांना आठवतं. आपलं काम करायला गेलेल्या स्त्रीचं यापेक्षा मोठं नुकसान कुठलं? त्याच वर्षी कोझिकोडच्या सत्र न्यायालयाने लैंगिक छळाच्या एका प्रकरणात जामीन देताना तक्रारदार स्त्रीचे कपडे उत्तेजक होते अशी टिप्पणी केली, आणि ती केरळ उच्च न्यायालयाला काढून टाकावी लागली. ज्या देशात न्यायासनावरूनही असं बोललं जातं, तिथे 'शालीन' हा शब्द आदेशात मोघम सोडणं धोक्याचं आहे. तो शब्द मोघम राहिला की त्याचा अर्थ लावायचा अधिकार मुख्याध्यापकाला, सुपरवायझरला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मिळतो. कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ज्या शेरेबाजीला छळ मानतो, ती करायला असा आदेश आयतं निमित्त देतो: 'मी काही म्हणत नाही, नियमात लिहिलंय.'

मुलींनी नोकरीसाठी कपडे निवडताना काय बघावं, असं मला विचारलं जातं. मी एकच सांगते. जे कपडे घालून मुलाखतीला किंवा कामाच्या पहिल्या दिवशी जायचं आहे ते आधी घरी दिवसभर घालून बघ. त्यात जिना चढ, खाली वाकून काहीतरी उचल, हात वर करून फळीवरचा डबा काढ, मांडी घालून बस, रिक्षात चढ-उतर कर, आणि सार्वजनिक स्वच्छतागृहात जाऊन ये. शेवटची परीक्षा सर्वांत अवघड. लादी ओली, खुंटी तुटलेली, कडी लागत नाही, पर्स दातांत धरलेली, एका हातात ओढणी आणि दुसऱ्या हाताने सलवार भिजू नये म्हणून वर धरलेली. ज्या शहरात बायकांना स्वच्छतागृहासाठी 'राइट टू पी' नावाची चळवळ उभारावी लागली त्या मुंबईत काय नेसावं हे संस्कृतीपेक्षा नळावर आणि कडीवर जास्त ठरतं. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणारी बाई स्पोर्ट्स शूज घालून निघते आणि सँडल पिशवीत नेते. ऑफिसच्या लिफ्टमध्ये ती बदलते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तिच्या वरिष्ठाने एकदा तिच्या डब्यातून प्रवास केला तर बुटांबद्दलचा नियम त्याच आठवड्यात बदलेल, असं मला खात्रीने वाटतं.

खिसा हवा, हेही मी आग्रहाने सांगते. कुर्त्याला, पँटला, गणवेशाला, परिचारिकेच्या कोटाला, कंडक्टर बाईच्या शर्टाला. खोटा शिवलेला खिसा नको, ज्यात फोन, किल्ली, सुटे पैसे आणि पाळीच्या दिवसांत एक पॅड मावेल असा. शिंप्याला सांगितलं तर तो लावून देतो, फार तर थोडे पैसे जास्त घेतो. हजारोंच्या संख्येने गणवेश शिवून घेणाऱ्या संस्थांना तो का परवडत नाही?

आणि खर्चाबद्दल. आमच्याकडे अनेक संस्था शिक्षिकांसाठी एकसारख्या साड्या ठरवतात. साडी चुरगळू नये म्हणून बहुधा पॉलिस्टरची. चंद्रपूर-अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत, पंखा नसलेल्या किंवा लोडशेडिंगच्या वर्गात ती साडी अंगाला चिकटून बसते. तिचे पैसे शिक्षिकेच्या पगारातून कापले जातात. ब्लाउजची शिलाई, फॉल-पिको, परकर हा वरचा खर्च तिचाच. पुरुष शिक्षकाला घरातला फिका शर्ट आणि पँट चालून जाते. विनाअनुदानित शाळेतल्या किंवा तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या बाईचा पगार इतका तुटपुंजा असतो, की असा एक जोड तिच्या महिन्याचं गणित बिघडवतो. वकिलांच्या बाबतीत बार कौन्सिलने निदान उन्हाचा विचार केला. उन्हाळ्यात जिल्हा आणि तालुका न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती नाही, आणि महिला वकिलांच्या यादीत साडी, लांब स्कर्ट, सलवार-कुर्ता असे पर्याय आहेत, दुपट्टा हवा तर घ्या, नको तर नको. शिक्षण विभागाला तेवढंही सुचू नये याचं वाईट वाटतं.

पुढचा शासन निर्णय निघेलच, कारण दर काही वर्षांनी तो निघतो. तेव्हा त्याच्या मसुद्यावर बसणाऱ्या समितीत दुर्गम शाळेवरच्या दोन शिक्षिका, एक परिचारिका, एक महिला कंडक्टर असाव्यात, आणि त्यांची मतं कागदावर यावीत. यादी स्त्री-पुरुष दोघांसाठी एकच असावी: स्वच्छ, अंगाला बसणारे, कामाला अडथळा न करणारे कपडे, आणि जिथे धोका आहे तिथे काय घालू नये याचं स्पष्ट वाक्य. ठरावीक रंगाचा किंवा कापडाचा गणवेश लागू करायचा असेल तर कापड सुती, मापं बाईची, आणि शिलाईसकट खर्च तो लागू करणाऱ्याचा. दुपट्ट्यापुढे 'आवश्यक असल्यास' हे शब्द आणावेत. आणि तो निर्णय शाळेच्या दारावर लागण्याआधी त्या शाळेत शिक्षिकांसाठी कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का, याची तपासणी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी करून सही करावी.